मागील पानावरून पुढे

कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतल्या मामांच्या घरात खिडकीजवळच्या मेजावर लाल कापडी बांधणीची एक कीर्द कायम उघडी असते. मामांनी सहकारी बँकेत चौतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची बारा तपासणी खात्यात. बँक सुटली, कीर्द सुटली नाही. दूध, पेपर, गॅस, भिशीचा हप्ता, नातवाला दिलेले खाऊचे पैसे, सगळं तिच्यात उतरतं. पान संपलं की खाली रेघ, रेघेखाली शिल्लक, आणि नव्या पानाच्या डोक्यावर तीच शिल्लक पुन्हा : 'मागील पानावरून'.

मी पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे. २०१७ पासून क्रिप्टोचलनाबद्दल नेमानं वाचते. महिन्यातून एकदा कोल्हापूरला येते आणि दर वेळी हा विषय मामांच्या चहाबरोबर निघतो. श्रावणातल्या एका शनिवारी पाऊस थांबेना, रंकाळ्यावर जायचं राहिलं, आणि बोलणं रात्रीपर्यंत चाललं. ते आठवेल तसं लिहिते आहे. मामांनी वाचून दोन ठिकाणी दुरुस्ती केली, ती तशीच ठेवली आहे.

मामा : तासाभरात अकरा वेळा वाजला तुझा फोन. एवढं कोण बोलवतंय?

मी : भाव नाहीत ते, मामा. इथेरियम या क्रिप्टोचलनाच्या पुढच्या बदलांवर ते लिहिणाऱ्यांची चर्चा चालली आहे, तिची टिपणं येतात.

मामा : तुझ्याकडं किती आहे त्यातलं?

मी : एका पगारापेक्षा कमी.

मामा : मग एवढं वाचतीस कशाला? रानात ऊस नाही आणि कारखान्याच्या दराची काळजी.

मी : ऊस नसला तरी साखर घरात येतेच ना. हे पैशाचं आहे. पैसा कसा लिहिला जातो, कोण लिहितं, कोणाला खोडता येतं, हे बदलत असताना मला पाठ फिरवून बसता येत नाही.

मामा : सगळं बदलतंय, तू मागं पडशील, असं सांगणारे मी आयुष्यभर ऐकले. सागवानाच्या लागवडीचे आले, शेळीपालनाचे आले, इमू पक्ष्याचे आले. मागं पडायची भीती घालणाऱ्या माणसाच्या दुसऱ्या हातात पावतीपुस्तक असतं.

मी : आणि ज्याला काही माहीत नसतं, त्याच्याच नावानं पावती फाटते.

मामा हसले नाहीत. त्यांनी कीर्द माझ्याकडे सरकवली. "तुझं ते काय आहे, ते हिच्यावर दाखव," म्हणाले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी असं म्हटलं होतं. मीही इतक्या वर्षांत त्यांना कधी त्यांच्या भाषेत सांगितलं नव्हतं, हे तेव्हा लक्षात आलं.

मी : या वहीतलं चाळिसावं पान फाडून कोणी दुसरं लावलं, तर तुम्हाला कसं कळेल?

मामा : एकेचाळीसच्या डोक्यावरची मागील बाकी जुळणार नाही. जुळवायची तर एकेचाळीस, बेचाळीस, शेवटापर्यंत सगळी पानं नव्यानं लिहावी लागतील. रात्रभर बसून तसं करणारे भेटलेत मला. वर्षभराच्या तारखा आणि शाई सगळीकडं एकसारखी ताजी. तिथंच सापडायचे.

मी : बिटकॉइन हीच कीर्द आहे. साधारण दर दहा मिनिटांनी एक पान भरतं, त्याला ब्लॉक म्हणायचं, आणि पानांच्या साखळीला ब्लॉकचेन. प्रत्येक पानाच्या डोक्यावर मागच्या पानाचा ठसा असतो. फरक एवढाच, की वही एका बँकेत नाही. जगभर हजारो संगणकांवर तिच्या प्रती आहेत आणि कोणालाही ती तपासता येते.

मामा : ठसा म्हणजे बेरीज?

मी : बेरीज असती तर फसवता आलं असतं. इकडं शंभर कमी, तिकडं शंभर जास्त, तेरीज बरोबर.

मामा : एकमेकींना खाणाऱ्या चुका. तपासनिसाच्या सगळ्यात वैरी.

मी : म्हणूनच तिथं बेरीज नाही, हॅश आहे. पानावरच्या सगळ्या मजकुरातून गणितानं काढलेली एक लांबलचक संख्या. पानावर एक टिंब बदललं तरी ती ओळखू येणार नाही इतकी बदलते. आणि रात्रभर बसून सगळी पानं पुन्हा लिहिणं कोणालाच परवडू नये म्हणून पान लिहिणंच मुद्दाम महाग केलं आहे. त्यासाठी संगणकांना वीज जाळून कोडं सोडवावं लागतं. सोडवणाऱ्याला नवी नाणी मिळतात. त्यालाच मायनिंग म्हणतात.

मामा : हे काढलं कोणी?

मी : सातोशी नाकामोतो या नावानं कोणीतरी. खरा माणूस कोण, ते आजवर सिद्ध झालेलं नाही. ३१ ऑक्टोबर २००८ ला त्यानं नऊ पानांचा एक निबंध प्रसिद्ध केला. लेहमन ब्रदर्स ही अमेरिकन बँक बुडून दीड महिना झाला होता. ३ जानेवारी २००९ ला पहिलं पान लिहिलं गेलं आणि त्यात त्यानं लंडनच्या 'टाइम्स'मधला त्या दिवसाचा मथळा कोरून ठेवला : सरकार बँकांना दुसऱ्यांदा वाचवायच्या बेतात असल्याचा.

मामा बराच वेळ वहीकडे पाहत राहिले. मला वाटलं, पटलं. पण बारा वर्षं कीर्द तपासलेल्या माणसाला कीर्दीचं कौतुक सांगून भागत नाही.

मामा : छान आहे. खरंच छान आहे. आता माझं ऐक. एका शाखेत तपासणीला गेलो होतो. कर्जाचं प्रकरण इतकं नीट की शिकाऊ पोरांना दाखवावं. अर्ज, सात-बारा, दोन जामीनदार, विक्रेत्याची पावती, विम्याचा कागद, ट्रॅक्टरपुढं उभ्या असलेल्या शेतकऱ्याचा फोटो. कीर्द जुळली, खतावणी जुळली. फक्त ट्रॅक्टर नव्हता. फोटोतला दुसऱ्याचा होता. कीर्द जुळणं आणि व्यवहार खरा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पोरी. तुझी वही पान बदलू देत नाही, हे कळलं. पण पानावर पहिल्यांदाच खोटं लिहिलं, तर ते खोटंच कायमचं पक्कं करून ठेवणार नव्हं?

यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण अर्धंच. बिटकॉइनमध्ये बाहेरचा ट्रॅक्टर नसतो. नाणं म्हणजेच नोंद आणि नोंद म्हणजेच नाणं, त्यामुळे तिथं ही अडचण फार येत नाही. पण त्याच तंत्रावर बाहेरच्या जगातली वस्तू नोंदवायला गेलं की मामांचा प्रश्न पुढ्यात येतो. २०२२ मध्ये गडचिरोलीतल्या एटापल्लीत सुमारे ६५,००० जातीचे दाखले पॉलिगॉन या ब्लॉकचेनवर नोंदवायचं काम झालं. दाखला दिल्यानंतर त्यात कोणी फेरफार केला तर लगेच उघड व्हावं, हा हेतू. हे मी मामांना सांगितलं.

मामा : दाखल्यात खाडाखोड होणार नाही. बरोबर. पण दाखला ज्याला द्यायला पाहिजे त्यालाच दिला का, हे तहसील कचेरीतल्या माणसानंच बघायचं. तो बघणारा माणूस तुझ्या ब्लॉकचेनमध्ये कुठं बसतो?

मी : बसत नाही. पण नंतर कोणी कागद बदलला म्हणून गरीब पोराला कचेरीच्या पायऱ्या पुन्हा झिजवाव्या लागणार नाहीत. तेवढं कमी आहे का?

मामा : कमी नाही. तेवढंच आहे, एवढंच म्हणतोय मी. आपल्या चपलेचं घे. २०१९ ला कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे मिळून. २०२५ ला मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं तसलीच चप्पल दाखवली आणि इथं बोंब झाली. मग चर्मोद्योग महामंडळानं चपलेला क्यूआर कोड द्यायचं काम पुढं आणलं. कारागीर कोण, माल कुठला, सगळं फोनवर दिसणार. चांगलं आहे. पण तो कोड कुठल्या चपलेला चिकटवायचा, हे ठरवणारा हात कोणाचा? सुभाषनगरात चामडं शिवणाऱ्याचा, का दुकानदाराचा? कोड खरा आणि चप्पल खोटी असं होऊ नये, यासाठी तिथं माणूस हिंडायला पाहिजे.

मी : तुम्ही हे सगळं वाचता, मामा. मग क्रिप्टोचंच वावडं का?

मामा उठून आत गेले. येताना चहा आणला. त्यांना सांगायचं होतं ते मला अर्धवट माहीत होतं, सगळं त्या दिवशी कळलं.

त्यांच्या बँकेतले एक जुने कॅशियर. दोघं एकाच वर्षी नोकरीला लागलेले. निवृत्तीनंतर त्यांना शहरातल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये बोलावणं आलं. सुटातले एक 'सर', पडद्यावर वर चढणाऱ्या रेघा, 'कॉइन'मध्ये पैसे गुंतवा, दरमहा ठरलेला परतावा, आणखी दोघांना आणा, वरचा परतावा. कार्यक्रमानंतर तांबडा-पांढरा रस्सा. कॅशियरसाहेबांनी ग्रॅच्युइटीचे सहा लाख घातले. आठ महिने पैसे आले, नवव्या महिन्यात बंद झाले. ते पोलिसांकडे गेले नाहीत, घरातही सांगितलं नाही. भिशीच्या बैठकीला यायचे थांबले, तेव्हा मामा त्यांच्या घरी गेले आणि कळलं.

मी : याच्यासाठीच तर वाचायला पाहिजे! असल्याच धर्तीची सगळ्यात मोठी योजना पुण्यातून गाजली, गेनबिटकॉइन. अमित भारद्वाज तिचा मुख्य आरोपी, एप्रिल २०१८ मध्ये त्याला अटक झाली. महिन्याला दहा टक्के, असे अठरा महिने, बिटकॉइन मायनिंगमधून देतो, असं वचन होतं. आता बघा. बिटकॉइन एकूण २ कोटी १० लाखच निघणार. दर २,१०,००० पानांनी, म्हणजे साधारण चार वर्षांनी, मायनिंगचं बक्षीस निम्मं होतं. हे २००९ पासून ठरलेलं, सगळ्यांना उघड. ९ जुलै २०१६ ला ते पानामागे २५ नाण्यांवरून साडेबारावर आलं. उत्पन्न एका दिवसात निम्मं झालं आणि वचन मात्र दहाचं दहाच! हॉलमध्ये एकानं उठून एवढं विचारलं असतं, की आजपासून निम्मं पीक येणार आहे तर खंड तोच कसा देता? पुढं त्यांनी बिटकॉइनऐवजी स्वतःचंच एक नाणं लोकांच्या हातात ठेवलं, त्याची किंमत घसरली आणि माणसं बुडाली. एका तारखेची माहिती असती तर हजारो घरं वाचली असती.

मी फार तावातावानं बोलले. मामांनी कप खाली ठेवला.

मामा : कॅशियरला आकडेमोड येत नव्हती असं वाटतं तुला? चाळीस-चाळीस लाखांची रोकड तो मान वर न करता मोजायचा. त्याला त्या हॉलमध्ये कोणी नेलं, विचारलंस? समोरच्या घरचा जावई. लग्नात कॅशियरनंच त्याला आहेर केलेला. त्यानं बिटकॉइनवर विश्वास ठेवला नव्हता, जावयावर ठेवला होता. जावयाचेही चार लाख गेले. तुझी तारीख त्याला ठाऊक असती, तरी जावयासमोर उठून प्रश्न विचारला असता का त्यानं?

मी काही बोलले नाही. अजूनही त्या प्रश्नाला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. पण एवढं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं, की जावयाला माहीत असतं तर? तोही शिकलेला पोरगा होता. हातात फोन होता, इंटरनेट होतं. तो रोज भाव बघत होता. नाणी कशी निघतात हे त्यानं एकदाही वाचलं नव्हतं, कारण त्याच्या लेखी क्रिप्टोची माहिती ठेवणं म्हणजे भाव बघणं. क्रिप्टोच्या नावानं जे चोवीस तास कानावर आदळतं त्यातलं बहुतेक भावच असतं, आणि भावाच्या मागं धावणाऱ्याला आपण 'अपडेटेड' समजतो.

त्याचं माझ्या अनुभवातलं उदाहरण मामांना सांगितलं. १५ सप्टेंबर २०२२ ला, आपल्याकडे दुपारचे बारा वाजून गेले होते तेव्हा, इथेरियमनं चालत्या गाडीचं इंजिन बदललं. वीज जाळून कोडी सोडवायची पद्धत सोडून दिली आणि ज्यांनी आपली नाणी तारण ठेवली आहेत त्यांनी पानं तपासायची, अशी पद्धत आणली. विजेचा वापर ९९ टक्क्यांहून जास्त घटला. वर्षानुवर्षं चाललेलं काम, एकही व्यवहार न थांबता पार पडलं. ऑफिसात आम्ही चौघं पडद्यासमोर श्वास रोखून बसलो होतो. आणि भाव? त्या दिवशी तो खाली आला. भाव बघणाऱ्याच्या लेखी त्या दिवशी काही घडलंच नाही.

मामा : तारण ठेवून तपासणी. म्हणजे चुकीच्या पानावर सही केली तर तारण जप्त?

मी : अगदी तसंच.

मामा : हे मात्र आमच्या संचालकांना लावायला पाहिजे होतं.

यानंतर मामांचा नूर बदलला. ते तपासनिसाच्या खुर्चीत बसले, म्हणजे बसले तिथंच, पण चष्मा कपाळावरून नाकावर आला. "काय काय वाचतीस, यादी सांग," म्हणाले. मी सांगत गेले आणि ते कीर्दीच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहीत गेले. भावाचे अंदाज, कोण म्हणतं किती लाखावर जाईल, कुठल्या अब्जाधीशानं काय लिहिलं, यावर त्यांनी आडवी रेघ मारली.

मामा : शाखेत शिरल्यावर मी ताळेबंद सगळ्यात शेवटी मागायचो. आधी विचारायचो, तिजोरीची किल्ली कोणाकडं? दुसरी किल्ली कोणाकडं? दोघं एका घरातले नाहीत ना? तुझ्या या धंद्यात किल्ली कोणाकडं असते?

मी : नियमानं ज्याची नाणी त्याच्याकडे. पण बहुतेक लोक नाण्यांची खरेदी-विक्री चालवणाऱ्या एक्स्चेंजवर खातं उघडतात आणि किल्ली एक्स्चेंजकडेच राहते. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स नावाचं जगातलं एक बडं एक्स्चेंज बुडालं. ग्राहकांच्या ठेवी मालकानं आपल्याच दुसऱ्या कंपनीला सट्ट्यासाठी दिल्या होत्या. मार्च २०२४ मध्ये त्याला पंचवीस वर्षांची शिक्षा झाली.

मामा : संचालकाच्या घरच्या फर्मला विनातारण कर्ज. यात नवीन काय आहे?

मी : नवीन नाही. म्हणूनच तुम्ही हे वाचलं पाहिजे, मामा! नवीन शब्दांखाली काय जुनं आहे ते तुम्हाला चटकन दिसतं. आता हे बघा. १८ जुलै २०२४, वझीरएक्स. आपल्याच देशातलं मोठं एक्स्चेंज. सुमारे २३ कोटी डॉलर, म्हणजे दोन हजार कोटींच्या आसपास, एका झटक्यात चोरीला गेले. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे त्या तिजोरीला सहा सह्या होत्या. पाच त्यांच्या माणसांच्या, एक नाणी सांभाळणाऱ्या दुसऱ्या कंपनीची. व्यवहाराला त्यांच्या तीन आणि त्या दुसऱ्या कंपनीची एक लागायची. सगळ्या सह्या रीतसर झाल्या. पण पडद्यावर दिसत होतं एक आणि सही होत होती दुसऱ्याच मजकुरावर.

मामा : (चष्मा काढून) कागदावर कागद ठेवून सही घेतली.

मी : हो.

मामा : चूक कोणाची?

मी : त्यावरून दोन्ही कंपन्यांनी एकमेकींकडे बोट दाखवलं. लोकांचे पैसे अडकले. व्यवहार पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडला.

मामा : इथं माझं तुझं जमत नाही. सहकारी बँक बुडाली तरी फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे. दाद मागायला रिझर्व्ह बँक आहे, सहकार खातं आहे. तुझ्याकडं कोण आहे? कोणाच्या टेबलावर अर्ज ठेवायचा?

मी : आणि सप्टेंबर २०१९ ला पीएमसी बँकेच्या खातेदारांना पहिल्यांदा हजार रुपयेच काढता येतील असं सांगितलं, तेव्हा त्यांनी अर्ज कुठं ठेवला? नोव्हेंबर २०१६ तुम्हाला आठवतो. नोटबंदीनंतर सहाव्या दिवशी, १४ तारखेला, जिल्हा बँकांना जुन्या नोटा घ्यायला मनाई झाली. ज्या बँकेत गावं खातं ठेवतात तीच बँक बाजूला काढली. आपल्या जिल्हा बँकेच्या तिजोरीत जुन्या नोटा कितीतरी महिने पडून राहिल्या. कीर्द बरोबर होती, किल्ल्या दोन होत्या, रोकड मोजलेली होती. एका परिपत्रकानं ती कागद झाली.

मामांना हे लागलं. त्या दिवसांत ते निवृत्त होते, तरी रोज सकाळी जिल्हा बँकेच्या दारात उभे राहून करवीर तालुक्यातल्या म्हाताऱ्या माणसांना फॉर्म भरून देत होते. मी ते बोलायला नको होतं असं नाही, पण इतक्या जोरात नको होतं.

मामा : (थोड्या वेळानं) म्हणून मी असं म्हणत नाही की आमचं सगळं शुद्ध आहे. मी म्हणतोय, आमच्याकडं भांडायला दार आहे. दार उघडायला वर्षं लागली, तरी दार आहे.

मी : ते दार इकडेही हळूहळू बसवलं जातंय. ६ एप्रिल २०१८ ला रिझर्व्ह बँकेनं बँकांना क्रिप्टोवाल्यांशी संबंध तोडायला सांगितलं. ४ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं ते परिपत्रक रद्द केलं. २०२२ पासून नफ्यावर तीस टक्के कर आणि व्यवहारावर एक टक्का टीडीएस. मार्च २०२३ पासून एक्स्चेंजना मनी लाँडरिंगविरुद्धच्या कायद्याखाली ग्राहकाची ओळख, नोंदी, सगळं ठेवावं लागतं.

मामा : तीस टक्के तर लॉटरीलाही आहे. एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजाही करू देत नाहीत म्हणे.

मी : करू देत नाहीत. हे तुम्हाला कसं माहीत?

मामा : अर्थसंकल्प वाचतो मी.

करांवर आम्ही फार रेंगाळलो नाही. बाहेर गटार तुंबून पाणी पायरीला लागलं होतं आणि मामा दोनदा दारात जाऊन बघून आले. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगा या घरात कमरेइतकी आली होती, तेव्हापासून पायरीला पाणी लागलं की त्यांना स्वस्थ बसवत नाही. परत आले ते वेगळाच प्रश्न घेऊन.

मामा : किल्ली आपल्याकडंच ठेवायची म्हटलं, तर ती असते कशी?

मी : बारा किंवा चोवीस शब्दांची. २,०४८ शब्दांची एक ठरलेली यादी आहे, तिच्यातले. ते शब्द क्रमानं ज्याच्याकडे, त्याची नाणी. लोक कागदावर लिहून ठेवतात.

मामा : पुरात माझी पासबुकं लगदा झाली. आठवड्यात बँकेनं नवी दिली, शाखेत सगळे तोंडओळखीचे. तो कागद भिजला तर?

मी : गेलं सगळं. म्हणून काही जण स्टीलच्या पट्टीवर कोरतात.

मामा : आणि मी मेलो तर? तुझ्या मामीला ते शब्द कोण सांगणार? कुठल्या भाषेतले आहेत?

मी : इंग्रजी. जपानी, स्पॅनिश, फ्रेंच अशा आणखी काही याद्या आहेत. मराठी नाही.

मामा : म्हणजे माझी तिजोरी मामीला वाचता न येणाऱ्या शब्दांत.

मला हे कधी सुचलं नव्हतं. इतकी वर्षं मी हे शब्द इंग्रजीतच पाहिले आणि त्यात काही खटकलं नाही. घराघरांत जिथं दागिन्यांचा डबा बाई सांभाळते, गुजरीतल्या सोनाराचं बिल तिच्या साडीच्या घडीत असतं, तिथं ही किल्ली पुरुषाच्या फोनमध्ये आणि परक्या भाषेत राहते. क्रिप्टोबद्दल लिहिणारे आम्ही सगळे स्वातंत्र्याच्या गोष्टी सांगतो, आणि घरातल्या अर्ध्या माणसांना त्या किल्लीचा पत्ता नसतो. मी मामांच्या यादीत स्वतःच्या हातानं ती ओळ लिहिली : 'किल्ली घरात आणखी कोणाला ठाऊक आहे?'

यादी तोवर अशी झाली होती : किल्ली कोणाची. सह्या किती आणि सही करणारा मजकूर स्वतः वाचतो का. ठेवी कोणाला उसन्या दिल्या. परतावा कुठल्या पिकातून येतो. मी तिच्यात डॉलरला बांधलेल्या नाण्यांची भर घातली, स्टेबलकॉइन. १८ जुलै २०२५ ला अमेरिकेत त्यांच्यासाठी कायदा झाला, जितकी नाणी तितकी रोकड किंवा सरकारी रोखे मागं ठेवायचे. येत्या काळात भावापेक्षा याच्याकडे डोळा ठेवायला हवा असं मला वाटतं, कारण परदेशातल्या पोरांनी घरी पैसे पाठवायचा रस्ता यातून बदलू शकतो.

मामा : बँकांना आणि सरकारांना कंटाळून सुरू झालं आणि आता अमेरिकेच्या सरकारी रोख्यांवर येऊन टेकलं?

मी : त्याचा एक फाटा टेकला. बिटकॉइन नाही.

मामा : फाट्याचंच पाणी शेतात येतं, पोरी.

तेवढ्यात मामांचा फोन वाजला. नाव पाहून त्यांनी तो लगेच कानाला लावला. पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं. मामा फक्त "हं", "किती?", "आधी?", "सही केलीस काय कशावर?" एवढंच म्हणत होते. मग म्हणाले, "आत्ता काही पाठवू नको. मी येतोय."

कॅशियरसाहेब होते. कोणीतरी त्यांना गाठलं होतं. बुडालेली नाणी ब्लॉकचेनवर अजून दिसतात, आम्ही ती शोधून परत मिळवून देतो, फक्त प्रोसेसिंगचे पंचेचाळीस हजार आधी भरा. पडद्यावर त्यांचे सहा लाख वाढून अकरा झालेलेही दाखवले होते.

मामा : खरंच दिसतात?

मी : नोंद दिसते. कुठल्या पत्त्यावरून कुठं गेलं ते सगळ्यांना दिसतं. पण किल्लीशिवाय हलवता कोणालाच येत नाही. आणि ती योजना खरोखर ब्लॉकचेनवर होती का, तेच आधी बघायला हवं. पुण्यातल्या त्या मोठ्या प्रकरणात तर पोलिसांनी मदतीला घेतलेल्या दोन तज्ज्ञांनाच मार्च २०२२ मध्ये अटक झाली, जप्तीतली नाणी वळवल्याच्या आरोपावरून.

मामांनी कीर्दीतलं यादीचं पान फाडलं नाही, ते कधीच फाडत नाहीत. ती यादी त्यांनी एका कागदावर उतरवून घेतली, खिशात ठेवली आणि छत्री काढली. मी चपला घालत होते.

"गेल्यावर त्याला पहिला प्रश्न काय विचारायचा?" त्यांनी विचारलं.

"पैसे आधी का मागतात, हा."

"तो दुसरा," दाराला कडी लावत मामा म्हणाले. "आधी विचारू, या माणसाला घरी कोण घेऊन आलं."